‘नव्या मुलांना वळणच नाही’: एका कार्यालयातल्या तक्रारीचं प्रकरण

हे प्रकरण कुठल्याही एका संस्थेचं नाही. कार्यालयांमधून येणाऱ्या एकाच जातीच्या तक्रारींत जे तपशील पुन्हापुन्हा सापडतात, ते इथे एका कार्यालयात बसवले आहेत, म्हणजे तक्रारीपासून उपायापर्यंतचा प्रवास सलग पाहता येतो. कार्यालयातले आकडे या मांडणीपुरतेच समजावेत. संशोधनाची वर्षं आणि आकडे मात्र प्रत्यक्षातले आहेत.

परिस्थिती

चाळीसेक माणसांचं कार्यालय. ग्राहक समोर येऊन बोलतात, फोनही करतात. आठ नवे प्रशिक्षणार्थी रुजू झाले, वयं २२ ते २४. त्यांच्यावर चार पर्यवेक्षक, सगळे पंचेचाळिशी ओलांडलेले. तिसऱ्या महिन्यात या चौघांनी मिळून मनुष्यबळ विभागाला पत्र दिलं. ‘सकाळी येतात, मान वर करून बघतसुद्धा नाहीत.’ ‘फोन केला तर उचलत नाहीत, आणि दोन मिनिटांनी मेसेज येतो, बोला.’ ‘एवढं समजावून काम सांगावं, तर उत्तरादाखल नुसता अंगठा.’ ‘आपण बोलत असतो आणि यांचं सगळं लक्ष मोबाइलमध्ये.’ आणि शेवटचं वाक्य: ‘या पिढीला वळणच नाही, यांना कुणी काही शिकवलेलंच नाही.’

या वाक्याचा उत्तरार्ध पुढे महत्त्वाचा ठरतो. पूर्वार्धाचा मात्र कुणालाच उपयोग झाला नाही.

मनुष्यबळ विभागाने दोन तासांचं शिष्टाचारावरचं व्याख्यान ठरवलं, फक्त आठ प्रशिक्षणार्थींसाठी. सादरीकरणाच्या पहिल्या पानावर सॉक्रेटिसच्या नावाने फिरणारं एक अवतरण होतं: आजच्या मुलांना चैन हवी, ती वडीलधाऱ्यांचा मान ठेवत नाहीत, उलट उत्तरं देतात. हे वाक्य सॉक्रेटिसचं नाही. प्राचीन ग्रीसमध्ये तरुणांबद्दल ज्या तक्रारी केल्या जात, त्यांचं सार केनेथ जॉन फ्रीमन यांनी केंब्रिजमधल्या आपल्या प्रबंधात स्वतःच्या शब्दांत दिलं होतं. तो १९०७ मध्ये छापला गेला, आणि पुढे कुणीतरी तो मजकूर थेट सॉक्रेटिसच्या तोंडी घातला. ज्या सत्राचा आरंभच चुकीच्या आधारावर होणार होता ते पुढे ढकललं गेलं, हे बरंच झालं.

घसरण झाली, हे कशावरून?

पर्यवेक्षक आज पन्नाशीचे, प्रशिक्षणार्थी तेविशीचे. या दोघांची आज तुलना केली तर कळतो तो वयाचा फरक. पिढीचा फरक कळायला आजच्या तेविशीतल्या माणसाशेजारी तीस वर्षांपूर्वीचा तेविशीतला माणूस उभा करावा लागेल. तो उपलब्ध नाही. असते ती फक्त त्याची आठवण, आणि ती आजच्या पन्नाशीतल्या माणसाच्या डोक्यातून येते.

या आठवणीचं काय होतं, याचा अभ्यास झालेला आहे. जॉन प्रोट्झको आणि जोनाथन स्कूलर यांनी २०१९ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये अमेरिकेतल्या ३,४५८ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गुणात माणूस स्वतः वरचढ असतो, नेमका तोच गुण त्याला तरुणांत कमी झालेला दिसतो. खूप वाचणाऱ्याला मुलं वाचत नाहीत असं वाटतं; अधिकार आणि शिस्त मानणाऱ्याला मुलं मान ठेवत नाहीत असं वाटतं. एक कारण असं की आपण आज जसे आहोत तसेच तरुणपणीही होतो, आणि आपल्या बरोबरीचेही तसेच होते, असं मन धरून चालतं. या कार्यालयातही पत्राचा मसुदा लिहिणारे पर्यवेक्षक चौघांतले सर्वांत काटेकोर होते. त्यांची तक्रार त्यामुळे खोटी ठरत नाही, पण ‘पूर्वी असं नव्हतं’ हा भाग बाजूला ठेवावा लागतो.

दुसरा अभ्यास ॲडम मॅस्ट्रोयानी आणि डॅनियल गिल्बर्ट यांचा, २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला. माणुसकी आणि नीती घसरत चालली आहे असं किमान ६० देशांतले लोक मानतात, आणि निदान ७० वर्षं मानत आले आहेत. पण ‘सध्या तुमच्या आजूबाजूचे लोक कसे वागतात’ या धर्तीचे प्रश्न वर्षानुवर्षं विचारले गेले, त्यांची उत्तरं फारशी बदललेली नाहीत. वाईट वागणुकीकडे लक्ष चटकन जातं, आणि जुन्या आठवणींतला कडवटपणा चांगल्या आठवणींपेक्षा लवकर विरतो, अशी दोन कारणं त्यांनी पुढे केली आहेत.

म्हणून या प्रकरणात पिढीचा निवाडा करायचाच नाही असं ठरलं. कामाचा प्रश्न एवढाच: आज, इथे, कुणाचं काय अडतं आणि कशामुळे?

नोंद

पत्रातल्या विशेषणांच्या जागी कृती आणायच्या होत्या. त्यासाठी एका पानाचा तक्ता केला: वेळ आणि जागा, वयोगट (नाव नाही), नेमकं काय केलं किंवा केलं नाही, समोरच्याचं काय अडलं. ‘उद्धट’, ‘बेफिकीर’, ‘आगाऊ’ हे शब्द लिहायला बंदी. नोंद घेणारे दोघे, एक जुना आणि एक नवा, एकाच जागी बसून पण एकमेकांचं न बघता लिहिणारे. दिवसातून तीनदा, प्रत्येकी २० मिनिटं: कार्यालय उघडताना, मीटिंगमध्ये आणि काउंटरवरच्या गर्दीच्या वेळी. असे कामाचे दहा दिवस. यापेक्षा कमी ठेवलं तर एखाद्या वाईट दिवसाचा रंग सगळ्या नोंदींना लागतो. जास्त ठेवलं की माणसं कंटाळतात आणि संध्याकाळी आठवून तक्ता भरतात; मग आठवणीचा तोच दोष मागच्या दाराने आत येतो.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे फक्त तरुणांवर नजर ठेवणं. तसं केलं की तक्ता तक्रार आपोआप सिद्ध करतो. म्हणून नोंद सगळ्या वयांची घेतली, आणि पहिल्याच आठवड्यात मोबाइलच्या रकान्याने पर्यवेक्षकांना धक्का दिला. मीटिंगमध्ये मोबाइल दोन्ही वयोगट वापरत होते. नवे मान खाली घालून गुपचूप बघत. जुने वाजलेला फोन उचलून ‘हं, मीटिंगमध्ये आहे, बोला’ म्हणत, आणि अर्धा मिनिट सगळी खोली थांबे. स्वतःच्या फोनचं कारण प्रत्येकाला माहीत असतं, त्यामुळे तो गरजेचा वाटतो. दुसऱ्याचं कारण दिसत नाही. दिसतो तो फक्त त्याचा खाली गेलेला चेहरा.

सकाळची दखल

‘मान वर करून बघत नाहीत’ ही तक्रार खरी निघाली, पण तिच्यामागची घडण जवळून पाहण्यासारखी आहे.

दोन ओळखीची माणसं एकमेकांकडे चालत येतात तेव्हा अभिवादन टप्प्याटप्प्याने होतं. ॲडम केंडन आणि अँड्र्यू फर्बर यांनी १९७३ मध्ये चित्रफितींवरून हे बारकाईने मांडलं. आधी दुरूनच नजर मिळते, भुवई किंवा मान हलते. मग मधलं अंतर कापताना नजर बाजूला जाते, कारण तेवढा वेळ टक लावून बघणं दोघांनाही अवघड वाटतं. अगदी जवळ आल्यावर नजर पुन्हा भिडते आणि शब्द निघतात.

आता या कार्यालयाचा दरवाजा बघा. दारापासून पर्यवेक्षकाच्या टेबलापर्यंत बारा-पंधरा पावलं. प्रशिक्षणार्थी आत येते, कानात हेडफोन, दारातूनच पर्यवेक्षकांकडे बघून मान किंचित हलवते. ते त्या वेळी स्क्रीनकडे बघत असतात. नजर बाजूला नेण्याच्या टप्प्यावर तिच्या हातात मोबाइल असतो, आणि तिथे गेलेली नजर परत वर येत नाही. ती टेबलाजवळून जाते तेव्हा पर्यवेक्षक मान वर करतात. त्यांना दिसतं ते इतकंच: कानात काहीतरी घातलेली, खाली बघत जाणारी मुलगी. तिच्या लेखी दखल घेऊन झाली, त्यांच्या लेखी घेतलीच नाही. दोघंही खरं सांगतात.

नोंदीत आणखी एक गोष्ट होती. पहिल्या महिन्यात नवे तोंडाने ‘गुड मॉर्निंग’ म्हणत होते, असं त्यांनी सांगितलं आणि जुन्यांपैकी दोघांनी ते मान्यही केलं. कामाच्या गडबडीत बऱ्याचदा उत्तर मिळत नव्हतं. उत्तर न मिळणारं अभिवादन फार दिवस टिकत नाही, हे कुठल्याही वयाला लागू आहे.

उपाय साधा होता. टेबलाजवळून जाताना एका कानातला हेडफोन काढायचा, मोबाइल खिशात, आणि शब्द तोंडाने. समोरच्याने हातातलं काम थांबवायची गरज नाही, पण उत्तर आवाजात द्यायचं. जो आत येतो त्याने आधी बोलायचं; तो साहेब असला तरी.

न उचललेला फोन

पर्यवेक्षकांच्या हिशेबाने थेट फोन करणं म्हणजे माणसाला महत्त्व देणं. कोरडा मेसेज टाकण्यापेक्षा दोन शब्द बोलावेत, ही त्यातली आपुलकी. नव्यांच्या हिशेबाने न विचारता फोन करणं म्हणजे समोरचा आत्ता काय करतोय याची पर्वा न करता त्याचं काम तोडणं. म्हणून ते आधी मेसेज टाकतात, आणि आलेला फोन सोडून ‘बोला’ लिहितात.

दोन्हीकडे सौजन्यच आहे, पण सौजन्याचे दोन वेगळे प्रकार. भाषाशास्त्रात पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी हा फरक मांडला आहे: जवळीक दाखवणारी सभ्यता एक, आणि समोरच्याच्या वेळेत, जागेत न घुसणारी दुसरी. फोन पहिल्या प्रकारात बसतो, आधीचा मेसेज दुसऱ्या. दोघंही आपापल्या परीने सभ्य वागतात आणि दोघांनाही समोरचा असभ्य वाटतो. अशा भांडणात ‘आदर ठेवा’ असं सांगून काहीच होत नाही, कारण आदर दोघं आधीच ठेवत असतात.

इथे मधला नियम ठरला. साध्या कामाला आधी एका ओळीचा मेसेज, त्यात तीन गोष्टी: विषय काय, किती मिनिटं लागतील, कधीपर्यंत हवं. ‘उद्याच्या यादीबद्दल बोलायचं आहे, पाच मिनिटं, चारच्या आत.’ तातडीच्या कामाला लागोपाठ दोनदा फोन. दुसरी रिंग आली की उचलायचाच. ग्राहकासमोर असाल तर ग्राहकाला ‘एक मिनिट’ सांगून. आणि नुसतं ‘बोला’ लिहिणं बंद. त्याऐवजी ‘ग्राहकासोबत आहे, दहा मिनिटांत फोन करतो’. हा नियम बसायला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि अडला तो पर्यवेक्षकांकडेच. त्यांना सगळंच तातडीचं वाटायचं. दोनदा रिंग देण्याची सवय झाली की दुसऱ्या रिंगला अर्थ उरत नाही, म्हणून तातडीची व्याख्याच लिहून द्यावी लागली: आजच्या आज ग्राहकाचं नुकसान होणार असेल तर.

अंगठ्याचा प्रश्न लवकर सुटला. अंगठ्याचे अर्थ तीन होते: वाचलं, मान्य आहे, काम झालं. पाठवणारा पहिला अर्थ धरायचा, वाचणारा तिसरा. ठरलं असं की अंगठा म्हणजे ‘वाचलं’ एवढंच; काम झालं की ‘झालं’ लिहायचं, आणि वेळ लागणार असेल तर वेळ लिहायची. लिहिलेल्या शब्दाचा सूर पोचवणं तसंही कठीण असतं. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आपल्या ईमेलमधला उपरोध वाचणाऱ्याला ७८ टक्के वेळा कळेल असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळा कळला. जिथे ‘हो.’ मधल्या पूर्णविरामावरूनही माणूस चिडला आहे असा ग्रह होऊ शकतो, तिथे नुसत्या चिन्हावर स्वभावाचा निवाडा करू नये.

जिथे तक्रार रास्त होती

सगळंच गैरसमजावर ढकलणं तितकंच चुकीचं ठरलं असतं. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात, म्हणजे ‘समोरच्याचं काय अडलं’ यात, तीन गोष्टी स्पष्ट होत्या आणि त्या नव्यांकडेच जास्त होत्या.

ग्राहक बोलत असताना स्क्रीनकडे नजर जाणं. दोन सेकंदांचीच असते, पण बोलणारा थांबतो, वाक्य मागे घेतो, पुन्हा सुरू करतो. संभाषणात माणसं एकमेकांचा सूर किती बारकाईने धरतात हे २००९ मधल्या दहा भाषांच्या तुलनेत दिसलं आहे: एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी फक्त २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. त्या तालात दोन सेकंदांची गैरहजेरी लपत नाही.

न येणार असल्याचं वेळेत न कळवणं. कामाची वेळ उलटून गेल्यावर ग्रुपवर ‘आज जमणार नाही’ पडतं, तोवर दुसरं कुणीतरी दोन काउंटर सांभाळत असतं.

आणि मदत घेतल्यावर परत निरोप न देणं. कुणी अर्धा तास बसून फाइल शोधून दिली. ती कामाला आली की नाही, हे त्याला कळतच नाही. आभाराचा शब्द नाही याचं दुःख असतंच, पण खरा तोटा असा की पुढच्या वेळी तो माणूस उठत नाही.

यांना वेगळी चाल किंवा पिढीची पद्धत म्हणून सूट द्यायची नाही, हे सुरुवातीलाच ठरलं, आणि प्रशिक्षणार्थींनीही वाद घातला नाही. कुणाचं काय अडलं हे समोर लिहिलेलं असलं की वादाला जागा कमी राहते.

हे शिकायचं कुठे होतं?

इथे पत्राच्या उत्तरार्धाकडे यावं लागतं: ‘यांना कुणी शिकवलेलंच नाही.’ यात तथ्य आहे, आणि दोष मुलांचा नाही.

घरात सगळ्यांचा मिळून एक फोन होता तेव्हा मित्राशी बोलायला आधी त्याच्या आईवडिलांशी बोलावं लागे. आपलं नाव सांगायचं, कोण हवंय ते विचारायचं, नसेल तर निरोप ठेवायचा, गैरसोयीची वेळ असेल तर माफी मागायची. दहा-बारा वर्षांचं मूल आठवड्यातून अनेकदा अनोळखी मोठ्या माणसाशी हा सराव करायचं, आणि त्याला कुणी शिष्टाचाराचं शिक्षण म्हणत नव्हतं. प्रत्येकाच्या हातात स्वतःचा फोन आल्यावर मधला माणूस गेला आणि त्याच्याबरोबर सरावही. २०२० नंतर ज्यांचं शिक्षण किंवा पहिलं काम काही काळ घरून झालं, त्यांची मोठ्यांना काम करताना शेजारी बसून पाहण्याची संधीही हुकली. दार वाजवून आत कसं जायचं, बोलणाऱ्या दोघांत तिसऱ्याने कधी शिरायचं, हे बघून उचलायचं असतं.

याच मुलांनी दुसरे शिष्टाचार कमावले आहेत. ग्रुपवर कुणाचा फोटो टाकण्याआधी विचारणं, कुणाचा नंबर परस्पर न देणं, कुणाच्या दिसण्यावर शेरा न मारणं, एखाद्याला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते ते विचारून घेणं. या बाबतीत तक्त्यात जुन्यांच्या नावावर जास्त नोंदी होत्या.

काय केलं

व्याख्यान रद्द झालं. दोन तास ऐकवलेल्या सर्वसाधारण सूचना दुसऱ्या दिवशी कुणाच्या हाताला लागत नाहीत, आणि फक्त आठ जणांना बसवणं म्हणजे सगळ्यांदेखत दोषी ठरवणं. त्याऐवजी ४० मिनिटांची एकत्र बैठक, चार पर्यवेक्षक आणि आठ प्रशिक्षणार्थी. समोर नावं नसलेला तक्ता. बाहेर पडताना एक पान तयार: सात नियम, प्रत्येक एका ओळीत, प्रत्येकात डोळ्यांनी दिसेल अशी कृती. ‘आदराने वागा’ हा नियम होऊ शकत नाही. ‘ग्राहक समोर असताना मोबाइल पालथा’ हा होतो.

मग सराव. आठवड्यातून दोनदा १२ मिनिटं, जोडीने, एक जुना आणि एक नवा. चारच प्रसंग: कामात असलेल्या माणसाला थांबवणं, उशीर होणार हे कळवणं, नकार देणं, माफी मागणं. थांबवताना टेबलापासून दोन पावलांवर उभं राहायचं, नजर मिळेपर्यंत थांबायचं, मग ‘मॅडम, दोन मिनिटं आहेत का? नाहीतर तीननंतर येते.’ दुसरं वाक्य बहुतेकांकडून सुटतं, आणि नाही म्हणण्याची वाट त्यातूनच मिळते.

माफीच्या सरावात भाग तीन: मी काय केलं, त्याने तुमचं काय अडलं, आता मी काय करतोय. रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांच्या २०१६ मधल्या अभ्यासात माफीच्या सहा घटकांपैकी चूक आपली असल्याचं मान्य करणं सर्वांत प्रभावी ठरलं, आणि ‘मला क्षमा करा’ अशी विनंती सर्वांत कमी. नव्यांचं ‘सॉरी सॉरी’ आणि जुन्यांचं ‘चालायचंच’ या दोन्हींत पहिला भाग गाळलेला असतो.

चूक दिसली तर सांगायचं कसं, हा पर्यवेक्षकांचा सराव. त्याच दिवशी, एकट्याला गाठून, तीन-चार वाक्यांत: ‘दुपारी ते गृहस्थ बोलत होते तेव्हा तू दोनदा फोन पाहिलास. ते दोन्ही वेळा थांबले. पुढच्या वेळी फोन पालथा ठेव, फार गरज असेल तर त्यांना सांगून बघ.’ ‘तुम्ही लोक’ हे शब्द आले की सांगणं वाया गेलं असं समजायचं.

काय फसलं, काय उरलं

भिंतीवर लावलेला नियमांचा कागद कुणी वाचेनासं झालं. तोच मजकूर रुजू होतानाच्या कागदपत्रांत टाकल्यावर उपयोगी पडला. उशिराला दंड ठेवून पाहिला, तर पैसे भरले म्हणजे हिशेब मिटला अशी भावना झाली आणि कळवणं आणखी कमी झालं. दंड तेव्हाच काढून टाकला.

सकाळची दखल आणि अंगठा लवकर रुळले. काउंटरवरचा मोबाइल कमी झाला, पण गर्दी नसलेल्या वेळी परत दिसू लागला, म्हणून पालथा ठेवण्याऐवजी तो काउंटरखालच्या खणात ठेवायचं ठरलं. निरोप परत देण्याची सवय अजून अर्धवटच आहे. ती घडायला मदत करणाऱ्यानेही संध्याकाळी विचारावं लागतं, ‘ती फाइल चालली का?’

एका प्रशिक्षणार्थीमध्ये तीनदा स्वतंत्रपणे सांगूनही बदल झाला नाही. न कळवता गैरहजर राहणं चालूच. त्याचं प्रकरण पिढीच्या चर्चेतून काढून साध्या वर्तणुकीच्या नियमाखाली नेलं, आणि न उत्तर देणाऱ्या एका पर्यवेक्षकांशीही त्याच पद्धतीने वेगळं बोलणं झालं.

पुढच्या तुकडीसाठी क्रम बदलला आहे. नियमांचं पान पहिल्या दिवशी, जोडीचा सराव पहिल्या आठवड्यापासून, आणि दहा दिवसांचा तक्ता तक्रारीची वाट न बघता दुसऱ्या महिन्यात. पानावरचे सात नियम त्या वेळी नव्या तुकडीसमोर पुन्हा उघडायचे, कारण फोन आणि मेसेजचे निम्मे नियम तोवर बदललेले असतील.